जम्पर दिला की चालू, दोन दिवसांनी पुन्हा ‘टक’: ट्रॅक्टर-पिकअपची बॅटरी वारंवार उतरते तेव्हा

तक्रार अशी असते: सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘टक’ करतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून जम्पर दिला, म्हणजे त्याच्या बॅटरीवरून केबलनं करंट घेतला, की गाडी सुरू होते, दिवसभर काम करते आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. डिसेंबर-जानेवारीत, कापूस जिनिंगला न्यायच्या घाईत, गावोगाव हेच चालू असतं.

जम्परनं त्या दिवसाचं काम निघतं, बिघाड जागेवरच राहतो. एकदा लागला तर लाईट चालू राहिला असेल, समजू शकतो. आठवड्यात दुसऱ्यांदा लागला तर बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग किंवा कुठेतरी चोरून जाणारा करंट, यापैकी एक बहुतेक बिघडलंय. ते शोधायचं कसं हे खाली आहेच. पण आधी जम्परचं बोलू, कारण तो चुकीचा दिला की डोळे जातात, गाडीचे हजारो रुपयांचे पार्ट जळतात, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत जीवही जातो.

आधी बघा, बॅटरीच दोषी आहे का

चावी फिरवून आवाज ऐका. ‘टक-टक-टक’ असा भरभर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे विझत आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जोरात ‘टक’ आला आणि हेडलाईट लख्ख राहिला, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर) जातो; जम्पर देऊन उपयोग नाही. आवाजच नाही पण दिवे ठीक आहेत? क्लच पूर्ण दाबला का बघा, बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लचखाली सुरक्षेचा स्विच असतो. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर डिझेलमध्ये हवा धरली असेल किंवा फिल्टर चोक असेल. अशा वेळी सेल्फ मारत राहिलं की चांगली बॅटरीही उतरते आणि मग दोष तिच्यावर येतो.

दिवे अजिबात नसतील तर बोनेट उघडून टर्मिनलचा लग, म्हणजे बॅटरीच्या खांबावर आवळलेलं तारेचं टोक, हातानं हलवून पाहा. हातानं फिरला तर तो ढिलाच आहे. १० किंवा १३ नंबरचा पाना लावून घट्ट करा, कित्येकदा गाडी तिथंच सुरू होते. लगाभोवती पांढरी-हिरवट बुरशी जमली असेल तर ती साफ केल्याशिवाय जम्परचा चिमटाही नीट धरणार नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाका आणि जुन्या ब्रशनं घासा. बॅटरीची झाकणं मात्र घट्ट लावलेली हवीत. सोडा आत गेला तर ॲसिड मारतो.

जम्पर कधी द्यायचाच नाही

बॅटरीची बाजू फुगली असेल, डब्याला तडा असेल, ॲसिड गळत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर हात लावू नका. झाकण उघडल्यावर आतल्या प्लेटा कोरड्या दिसल्या तरी नाही. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. पाणी कमी झालेल्या बॅटरीत वर जागा जास्त, म्हणजे साठलेला गॅसही जास्त. ती फुटली तर प्लास्टिकचे तुकडे आणि ॲसिड थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतं. डोळ्यात ॲसिड गेलं तर चोळायचं नाही. पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडायची आणि तसंच दवाखाना गाठायचा. म्हणून जम्पर देताना पाण्याची एक कॅन जवळ असावी. वावरात फवारणीचं पाणी असतंच, पण ते औषधाच्या ड्रममधलं नको.

ट्रक किंवा टिप्परवरून घेऊ नका

ट्रॅक्टर, जीप, छोटा पिकअप, कार, हे सगळं १२ व्होल्टचं काम. मोठा ट्रक, बस, टिप्पर बहुतेक २४ व्होल्टचे असतात. त्यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. रस्त्यावरचा ट्रकवाला मदत करायला थांबतो, मन मोठं करून केबलही देतो आणि २४ व्होल्ट १२ च्या गाडीत गेले की अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड, मीटर, दिवे, नव्या गाडीत तर थेट ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सगळं एका क्षणात जातं. ‘दोघांपैकी एकाच बॅटरीवरून घे’ असं सांगणारेही भेटतील. तिथं एक चिमटा चुकला की तेच नुकसान, म्हणून तो मार्ग नकोच. हार्वेस्टरवरून घ्यायचं असेल तर अंदाज न करता मीटर लावून व्होल्टेज बघा.

केबल कशी हवी

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथं. ४०-५० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचा सेल्फ सुरू होताना २०० ते ४०० अँपिअर ओढतो. त्यासाठी मोटारपंपाची केबल किंवा घरातली वायर दुहेरी करून लावतात आणि मग ‘जम्पर देऊनही होत नाही’ म्हणतात. हिशेब सरळ आहे. ३ मीटरच्या दोन तारा म्हणजे ६ मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरची तार असेल तर ३०० अँपिअरला त्या तारेतच १२.६ व्होल्ट खर्च व्हायला हवेत, म्हणजे अख्ख्या बॅटरीइतके. सेल्फपर्यंत तो करंट पोहोचूच शकत नाही. तार तापते, वरचं प्लास्टिक वितळतं. तीच लांबी २५ चौरस मिलिमीटरमध्ये घेतली तर साधारण सव्वा व्होल्ट जातो, ३५ मध्ये ०.९ व्होल्ट. म्हणून ट्रॅक्टरसाठी ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घ्या, कार-पिकअपला २५ ची चालते. लांबी ३ मीटरपेक्षा जास्त नको. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जाडजूड जम्परमध्ये पुष्कळदा वरून नुसतं प्लास्टिक जाड असतं आणि आत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. टोकाशी ब्लेडनं खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ठेवून द्या.

चिमटे पितळी किंवा तांब्याचे, दातेरी आणि कडक स्प्रिंगचे हवेत. केबल चिमट्याला नुसती गुंडाळलेली नको. लग दाबून बसवलेला हवा. लाल आणि काळा रंग पक्का ठेवा. दोन्ही केबल काळ्या असतील तर एकीच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा.

जम्पर देण्याचा क्रम

आधी दोन्ही गाड्या न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद, लाईट-टेप-पंखा सगळं बंद, चाव्या काढलेल्या. गाड्या एवढ्या जवळ की केबल पोहोचेल, पण लोखंडाला लोखंड टेकता कामा नये. मडगार्ड, ट्रॉलीचा आकडा, रोटावेटरची कड, काहीही. हातातलं कडं, घड्याळ, अंगठी काढून ठेवा. बिडी विझवा. रात्र असेल तर मोबाईलचा टॉर्च लावा, काडी पेटवू नका.

प्लस-मायनसची खूण चिखलानं दिसत नसेल तर खांब निरखून पाहा. ते शिशाचे दोन खांब सारखे वाटतात, पण प्लसचा थोडा जाड असतो. तरीही पुसून खूण शोधा आणि शक्य असेल तर मीटरनं खात्री करा. उलटं लागलं की डायोड आणि फ्यूज जळतातच, वर गॅस असेल तर स्फोटही होतो.

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.

२. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. जोडेपर्यंत हे टोक कुठल्याही लोखंडाला लागू देऊ नका, कारण पहिलं टोक आधीच बॅटरीवर आहे.

३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला.

४. काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या, बिनरंगाच्या लोखंडाला, बॅटरीपासून जमेल तितकं लांब. इंजिनचा ब्लॉक, लिफ्टिंगचा हूक, सेल्फचा बोल्ट, यापैकी काहीही चालेल. डिझेल पाईप, पंखा, बेल्ट यांच्याजवळ नको.

चौथी पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण मायनस समोरच दिसत असतो. शेवटच्या जोडणीला ठिणगी हमखास पडते. ती बॅटरीच्या तोंडाशी पडावी की दोन हात लांब, एवढाच प्रश्न आहे. इंजिनवर लावल्यानं आणखी एक फायदा होतो. बॉडीची अर्थिंग पट्टी गंजलेली असली तरी करंट सेल्फपर्यंत सरळ पोहोचतो. ठिणगी बारीक असेल तर ठीक. मोठा भडका उडाला तर चिमटा लगेच काढा. काहीतरी उलटं लागलंय, काहीतरी चालू राहिलंय, किंवा आतला सेल शॉर्ट आहे.

आता चांगली गाडी सुरू करा आणि रेस थोडी वर ठेवून, १२०० ते १५०० आरपीएमवर, ५ ते १० मिनिटं थांबा. घाईत हीच मिनिटं वाचवली जातात आणि मग सेल्फ उचलत नाही. या वेळात उतरलेली बॅटरी थोडी भरते, त्यामुळे सेल्फचा सगळा भार केबलवर येत नाही. मग बंद गाडीचा सेल्फ मारा, एका वेळी १० सेकंदांहून जास्त नाही. जमलं नाही तर मिनिटभर सेल्फला थंड होऊ द्या. तीनदा जमलं नाही तर चौथ्यांदा मारू नका. चिमट्यांना हात लावून पाहा. एखादा चटका देण्याइतका तापला असेल तर तिथं पकड नीट नाही, तो घासून पुन्हा लावा. मदत देणारी गाडी नवीन, ईसीयूवाली असेल तर तिच्या पुस्तकात याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा; काही गाड्यांत सेल्फ मारताना देणारं इंजिन बंद ठेवायला सांगितलेलं असतं.

गाडी सुरू झाली की केबल काढण्याआधी तिचा हेडलाईट चालू करा, पिकअप असेल तर ब्लोअरही. केबल सुटताना व्होल्टेजची जी उसळी येते ती हा भार झेलतो. काढायचा क्रम बरोबर उलटा: आधी इंजिनवरचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा काळा, मग तिचा लाल आणि शेवटी सुरू झालेल्या गाडीचा लाल. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. इंजिन चालू असताना ‘बघू, डायनामो चार्ज करतो का’ म्हणून बॅटरीचा लग काढायचा नाही. ही पद्धत जुन्या डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटरवर असं केलं की व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर जातात.

सेल्फला ‘डायरेक्ट’ करू नका

स्क्रू ड्रायव्हर किंवा पाना सेल्फच्या दोन बोल्टांवर टेकवून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय गावोगाव आहे. यात क्लचचा सुरक्षा-स्विच बाजूला पडतो. माणूस पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये जमिनीवर उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पकडताक्षणी मागचं चाक त्याच्या अंगावरून जातं. बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. उतारावर हँडब्रेकशिवाय उभ्या ट्रॅक्टरचंही तसंच. स्विच खराब असेल तर तो बदला, त्याला बायपास करू नका. सुरू करणारा माणूस सीटवरच बसलेला हवा. लेकराबाळांना आणि मजुरांना दोन्ही ट्रॅक्टरांच्या मधून आधीच बाजूला काढा.

धक्का स्टार्टबद्दलही थोडं. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरला उतारावर किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून सुरू करता येतं, कारण इंजिन चालायला वीज लागत नाही. साखळीऐवजी ताठ टो-बार वापरा, गिअर वरचा ठेवा. मात्र बॅटरी पार मेलेली असेल तर बऱ्याच अल्टरनेटरांना सुरुवातीचा करंट मिळत नाही आणि चार्जिंग सुरूच होत नाही. कॉमन रेलचे नवे ट्रॅक्टर आणि बीएस-६ गाड्या मेलेल्या बॅटरीवर धक्क्यानं सुरू होत नाहीत. इंजेक्टरला आणि ईसीयूला वीज लागते. फ्यूएल इंजेक्शनच्या दुचाकीचंही तेच. दुचाकीला कारवरून जम्पर देताना कारचं इंजिन बंद ठेवा. ५-७ अँपिअर-तासाच्या बॅटरीला कारची नुसती बॅटरी पुरते.

दुसरी गाडीच नसेल तर घरातली इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी अडचणीला चालते. इन्व्हर्टर बंद करून तिच्या दोन्ही तारा सोडवा, मग वरच्याच क्रमानं लावा. ती बहुतेकदा ट्यूब्युलर (जाड, नळीच्या प्लेटांची) असते, एकदम मोठा करंट देण्यात मागे पडते, म्हणून २०-२५ मिनिटं नुसती जोडून ठेवा आणि मगच सेल्फ मारा. वेल्डिंग मशीन लावून गाडी सुरू करू नका; बॅटरीपासून वायरिंगपर्यंत सगळं एका दमात जळू शकतं.

आता मूळ दोष: वारंवार का उतरते

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मीटर आणि एक हायड्रोमीटर (बॅटरीच्या ॲसिड-पाण्याची घनता मोजणारी काचेची नळी) गावात एकाकडे असला तरी पुरे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चावी न लावता, बॅटरीवर मीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव, त्याखाली उतरलेली. बारा व्होल्ट दिसले म्हणून ‘बॅटरी ओके’ म्हणणारे पुष्कळ आहेत. बारा म्हणजे जवळजवळ रिकामी. १०.५ च्या आसपास अडकली असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. ती बॅटरी जम्परनं वाचत नाही, बदलावीच लागते.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटर बघा. पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फच्या भाराखाली ९.६ च्या खाली घसरू नये. घसरली तर तिच्यात जीव उरला नाही, भले उभ्यानं १२.६ दाखवो.

हायड्रोमीटर त्याहून स्पष्ट बोलतो. फूट-दीड फुटाच्या अंतरावरून, चष्मा लावून, प्रत्येक सेलचं पाणी ओढा आणि आतला तरंगणारा फ्लोट डोळ्याच्या रेषेत धरा. बाराशे चाळीस ते बाराशे साठ म्हणजे भरलेली, अकराशे पन्नासच्या आसपास म्हणजे रिकामी. सहाच्या सहा सेल सारखेच कमी असतील तर बॅटरीला दोष देऊ नका, तिला चार्जिंग मिळत नाही. पाच सेल बाराशे पन्नास आणि एकच अकराशे ऐंशी दाखवत असेल तर तो सेल गेला.

चार्जिंग. इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ दिसायला हवं. हेडलाईट लावल्यावरही १३.५ च्या खाली येऊ नये. १३ सुद्धा येत नसेल तर आधी स्वस्त गोष्टी बघा. फॅन बेल्ट दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं दाबा. साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. जास्त दबत असेल, चकाकत असेल, तेलकट असेल तर तो घसरतोय. धान पट्ट्यात, गोंदिया-भंडाऱ्याकडे, चिखलणीनंतर हा दोष फार सापडतो, कारण गाळाचं पाणी बेल्टवर आणि अल्टरनेटरच्या आत जातं.

मग चार्जिंगचा दिवा. चावी लावल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा लागायला हवा. पुष्कळ ट्रॅक्टरांत या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट जातो. दिवा फ्यूज झाला तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्ज करत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बसाठी अल्टरनेटर बदललेले लोक आहेत, म्हणून हे तपासल्याशिवाय मिस्त्रीला अल्टरनेटर खोलू देऊ नका. बेल्ट आणि दिवा दोन्ही ठीक असतील तरच ब्रश, रेग्युलेटर, डायोडकडे वळा.

उलट १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर खराब आहे. तेव्हा बॅटरीचं पाणी दर आठवड्याला कमी होतं, वरून ओलसर राहते. लोक पाणी भरत राहतात आणि बॅटरी आतून शिजत जाते.

अर्थिंग. मीटरचा एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरा इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्याच्या वर गेला तर मायनसची पट्टी गंजली आहे किंवा तिच्या बोल्टखाली रंग-चिखल आहे. नवी बॅटरी टाकूनही तीच तक्रार राहिली की बहुतेक वेळा इथंच सापडते. प्लसच्या बाजूनंही तसंच बघा, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या बोल्टापर्यंत. अर्ध्या व्होल्टच्या आत हवं.

चोरून जाणारा करंट. सगळं बंद करून मायनसचा लग काढा आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून लग आणि खांब यांच्यामध्ये जोडा. या वेळी चावी फिरवायची नाही, नाही तर मीटर जळेल. कार-पिकअपमध्ये काही मिनिटांनी ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं; साध्या ट्रॅक्टरमध्ये जवळजवळ शून्य. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले, म्हणजे ७५ ची बॅटरी तीन दिवसांत निम्मी. एकेक फ्यूज काढत जा; ज्यानं आकडा पडतो ती लाईन. फ्यूज काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची जाड तार सोडून बघा, डायोडमधूनही गळती होते. आणि फ्यूजच्या आधी, थेट बॅटरीवरून घेतलेल्या तारा शोधा. टेप, ॲम्प्लिफायर, जादा एलईडी पट्टी, मोबाईल चार्जर हे सगळं चावीला टाळून जोडलेलं असतं.

रोजच्या एक-दोनदा सेल्फ मारण्यानंच बॅटरी उतरते हा समज मात्र हिशेबात बसत नाही. ३०० अँपिअर पाच सेकंद म्हणजे अर्धा अँपिअर-तास सुद्धा नाही. इंजिन चालू झालं की तो काही मिनिटांत भरून निघतो. खरा खर्च दिव्यांचा. जिनिंगच्या किंवा खरेदी केंद्राच्या रांगेत रात्री इंजिन बंद आणि हेडलाईट चालू ठेवला तर ५५ वॉटचे दोन बल्ब तासाला ९ अँपिअर-तास खातात. चार तासांत ३६, म्हणजे ७५ ची बॅटरी निम्म्यावर.

जागलीचाही विचार करा. तुरीवर, चण्यावर रानडुकरं आणि रोही उतरले की ट्रॅक्टरची बॅटरी काढून झटका मशीनला किंवा मचाणावरच्या दिव्याला लावतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेल्या. रोज रात्री तळापर्यंत उतरवलं की त्यांच्यावर सल्फेट घट्ट बसतं आणि एका हंगामात बॅटरी संपते. झटका मशीनला तिची वेगळी छोटी सोलरची बॅटरी घ्या, ट्रॅक्टरची नवी घेण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

हा त्रास हिवाळ्यातच का दिसतो

कारण बॅटरी उन्हाळ्यात मार खाते. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या शेडमध्ये, इंजिनशेजारी त्याहून जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की आतली झीज आणि आपोआप उतरणं ढोबळमानानं दुप्पट होतं. पाणी उडतं, प्लेटांचा वरचा भाग उघडा पडून कायमचा वाया जातो. पावसाळाभर गरम इंजिन सहज फिरतं म्हणून ते लक्षात येत नाही. मग नागपूर-गोंदियाकडची रात्र १० अंशांखाली जाते, ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि बॅटरीत तो उरलेला नसतो.

म्हणून मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर, किंवा डब्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये. फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं, बोअरचं किंवा जारचं फिल्टर पाणी नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर अजिबातच नाही, त्यातलं क्लोराईड प्लेटा खातं. पाणी कमी झालं म्हणून ॲसिडही ओतायचं नाही, उडतं ते पाणीच. प्लेटा बुडालेल्या असतील तर आधी चार्ज, मग पाणी, नाही तर चार्ज होताना उतू जातं. बॅटरीची पट्टी घट्ट आवळा. काळ्या मातीच्या पांदणीत ढिली बॅटरी आदळून आतल्या प्लेटा शॉर्ट होतात.

जम्पर दिल्यानंतर गाडी चहाच्या टपरीवर बंद करू नका. निदान तासभर चालवा. पण तासभरानंही ती भरत नाही. रात्री घरी चार्जर लावा, क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं: ७५ अँपिअर-तासाला ७ अँपिअर, १० ते १२ तास, मोकळ्या हवेच्या जागी. चिमटे लावून झाल्यावरच चार्जरचा स्विच चालू करा, काढताना स्विच आधी बंद. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर मायनसचा लग काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. बॅटरी काढताना मायनस आधी, बसवताना प्लस आधी. नाही तर प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला की तो तिथंच लाल होतो.

एवढं करूनही भाराखाली ९.६ च्या खाली जात असेल तर नवी घ्या. जुन्या बॅटरीवरचाच अँपिअर-तासाचा आकडा आणि प्लस त्याच बाजूला, नाही तर तार ताणून बसवावी लागते. दुकानातच मीटर लावून १२.५ च्या वर आहे का बघा, उत्पादनाचा महिना वाचून घ्या, वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का घ्या. जुनी दुकानात परत द्या, तिचे पैसे वजा होतात. तिचं ॲसिड धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतू नका. बसवल्यावर लगांवर पेट्रोलियम जेली लावा, ती घट्ट आवळल्यानंतर वरून, आधी आतून नाही.